अडगळीतला उजेड

दिवाळी पंधरा दिवसांवर आली, की मराठी घरांत साफसफाईची धांदल सुरू होते. पोटमाळे रिकामे होतात, फडताळांच्या तळाशी गेलेल्या वस्तू वर्षभराने बाहेर येतात आणि अंगणात अडगळीचा ढीग साचतो. त्यात तेलातुपाचे रिकामे डबे असतात, मुरंब्यालोणच्यांच्या बरण्या असतात, सरबतांच्या बाटल्या, गेल्या वर्षीची दिनदर्शिका, लग्नपत्रिकांचा गठ्ठा, झिजलेला खराटा, विटलेल्या साडीचे काठ, आणि स्वयंपाकघरामागे साठलेल्या नारळाच्या करवंट्या असतात. यातले काही रद्दीवाल्याकडे जाते, काही भंगारवाल्याकडे, आणि उरलेले कचऱ्यात. मग त्याच संध्याकाळी घरातली मंडळी बाजारात जातात आणि अंगण सजवण्यासाठी रंगीत दिव्यांच्या माळा आणि प्लॅस्टिकचे आकाशकंदील विकत घेऊन येतात. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण या प्रसंगाला जितकी लागू पडते तितकी क्वचितच दुसऱ्या कशाला पडत असेल. कारण सजावटीच्या दिव्याला जे साहित्य लागते, ते बहुतेक सगळे नुकत्याच बाहेर टाकलेल्या त्या ढिगातच असते.

हे पटण्यासाठी एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. दिवा आणि दिव्याची शोभा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रकाशाची तीव्रता मोजण्याचे जे आंतरराष्ट्रीय एकक आहे, त्याचे नाव कॅन्डेला; ते मेणबत्तीवरूनच पडले, आणि साध्या मेणबत्तीची तीव्रता सुमारे एक कॅन्डेला भरते. म्हणजे उजेड म्हणून पाहिले तर मेणबत्ती अगदीच गरीब. पण तीच मेणबत्ती भोके पाडलेल्या डब्यात ठेवली तर भिंतीवर चांदण्या उमटतात. पातळ कागदाच्या आड ठेवली तर मंद, दुधाळ गोळा दिसू लागतो. पाण्याने भरलेल्या बाटलीमागे ठेवली तर प्रकाशाची झळाळती रेघ उभी राहते. ज्योत तीच असते, तिच्याभोवती काय ठेवले यावर तिचे रूप ठरते. शोभेचा खर्च दिव्यावर होत नसून दिव्याच्या आवरणावर होतो, आणि आवरणाला पैशापेक्षा समजूत जास्त लागते. ज्या घराची थैली हलकी आहे, त्याचे अंगणही शेजारच्या बंगल्याइतकेच देखणे होऊ शकते, ते याच कारणाने.

घरगुती टाकाऊ वस्तू प्रकाशावर तीन प्रकारची कामे करतात. काही त्याला मोजकी वाट देतात, काही त्याला पसरवतात आणि काही त्याला वाकवतात. पत्र्याचा डबा पहिल्या वर्गात येतो, कागद आणि कापड दुसऱ्या वर्गात, आणि काच व पाणी तिसऱ्या वर्गात. हातात आलेली वस्तू या तिघांपैकी कोणते काम करील, एवढे ओळखता आले की निम्मा कंदील तयार झाला असे समजावे.

प्रथम डब्याचा विचार करू. अर्धा किंवा एक किलोचा पत्र्याचा डबा घ्यावा, कोमट पाण्यात भिजवून त्यावरचा कागद सोडवावा, आणि कापलेल्या काठाची धार कानशीने घासून बोथट करावी. आता खिळा आणि हातोडी घेऊन भोके पाडू गेले, तर रिकामा डबा पहिल्याच घावाला चेपतो. अनेकांचा उत्साह इथेच मावळतो. यावर एक नामी उपाय आहे. डबा पाण्याने भरावा, वरून दोन बोटे जागा मोकळी सोडावी, आणि तो शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात रात्रभर ठेवावा. पाणी गोठताना सुमारे एक अकरांश फुगते, म्हणून ती मोकळी जागा सोडायची. तरीही डब्याचा तळ थोडा बाहेर आलाच, तर नंतर ठोकून सपाट करता येतो. सकाळी आत बर्फाचा घट्ट ठोकळा तयार असतो आणि खिळ्याचा घाव तो आतून तोलून धरतो. ज्या घरी शीतकपाट नाही तिथे ओली वाळू ठासून भरावी, किंवा डब्याच्या मापाचा लाकडाचा गोल ओंडका आत घालावा. काम तेच होते.

नक्षी आधी कागदावर काढून तो कागद डब्याला गुंडाळून चिकटवावा. रांगोळीची ठिपक्यांची रीत ज्यांच्या हातात आहे, त्यांना नवे काही शिकावे लागत नाही, कारण डब्यावरची नक्षी म्हणजे उभी केलेली ठिपक्यांची रांगोळीच. डबा घडी घातलेल्या गोणपाटावर आडवा ठेवावा, म्हणजे तो घरंगळत नाही. दोन जाडीचे खिळे वापरले तर लहानमोठ्या ठिपक्यांनी नक्षीला उठाव येतो. दोन भोकांत निदान अर्ध्या सेंटिमीटरचे अंतर असावे, नाही तर मधला पत्रा फाटतो. काठाजवळ समोरासमोर दोन भोके तारेच्या कडीसाठी पाडावीत. काम संपल्यावर बर्फ वितळू द्यावा आणि डबा लगेच कोरडा करावा, म्हणजे गंज धरत नाही. भोकांच्या कडा आतल्या बाजूला टोकदार होतात, त्यामुळे आत बोटे घालू नयेत. आणि हे काम करताना लहान मुलांच्या हाती हातोडीऐवजी पेन्सिल द्यावी व नक्षी त्यांच्याकडून काढून घ्यावी.

अशा डब्यात कोणता दिवा ठेवावा, याचे उत्तर प्रत्येकाने झाडाखाली पाहिलेले असते. भर दुपारी दाट पानांमधून जमिनीवर जे गोल गोल कवडसे पडतात, ते पानांमधल्या फटींच्या आकाराचे नसतात. फटी वेड्यावाकड्या असतात, तरी कवडसे गोल पडतात, कारण प्रत्येक कवडसा ही सूर्याची प्रतिमा असते. बारीक भोकातून जाणारा प्रकाश आपल्या उगमाचे चित्र घेऊन पुढे जातो. डब्याचेही तसेच आहे. आत लहानशी ज्योत किंवा एकच बारीक दिवा असेल, तर भिंतीवरचे ठिपके स्वच्छ आणि रेखीव पडतात. तोच दिवा दुधी काचेचा आणि मोठा असेल, तर ठिपके फिसकटून एकमेकांत मिसळतात आणि सगळी मेहनत वाया जाते. म्हणून छिद्रांच्या कंदिलाला लहान दिवा घ्यावा, आणि तो भिंतीपासून हातभर अंतरावर टांगावा.

कोकणात आणि गोव्यात हेच काम करवंटी करते. दोन करवंट्या काथ्याने जोडून, बारीक गिरमिटाने भोके पाडून झाडाला टांगल्या की अंगणात तपकिरी रंगाचे लहान गोल दिवे लोंबू लागतात. मात्र करवंटी हे उत्तम जळण आहे, हे चुलीपाशी वावरलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. तिच्यात ज्योत कधीही ठेवू नये. विजेचा थंड दिवाच ठेवावा.

आता कागद. उंचावर टांगलेल्या दिव्याची आपल्याकडची परंपरा फार जुनी आहे. काशीला कार्तिक महिन्यात गंगेच्या घाटांवर उंच बांबूंच्या टोकांना वेताच्या टोपल्या बांधतात आणि त्यांत पितरांसाठी दिवे ठेवतात, हेच आकाशदीप. त्याच काशीच्या पंचगंगा घाटावर हजार दिव्यांचा दगडी दीपस्तंभ आहे आणि तो अहिल्याबाई होळकरांनी उभारला असे सांगतात. महाराष्ट्रातल्या देवळांपुढच्या दीपमाळा, विशेषतः जेजुरीच्या, याच भावनेच्या. आकाशदीपाची टोपली वाऱ्यापासून ज्योत राखते आणि विणीच्या फटींतून उजेड बाहेर सोडते. त्याच कामाला पुढे पातळ कागद आला, आणि घराघरांवर आकाशकंदील झुलू लागला. तो जिथे जिथे मराठी माणूस गेला तिथे तिथे गेला. इंदूर, ग्वाल्हेर आणि बडोदे इथल्या जुन्या वाड्यांवर तो लागला, आणि दिल्ली किंवा कोलकात्याच्या सदनिकांच्या सज्जांतही तो दिसतो.

घरच्या आकाशकंदिलाचा सांगाडा बांबूच्या कामट्यांचा करतात; पण लहान कंदिलाला झिजलेल्या खराट्याचे हीर पुरतात. पाच टोकांची चांदणी करायची असेल तर सारख्या लांबीचे दहा हीर घ्यावेत. पाच हिरांची एक चांदणी बांधावी, उरलेल्या पाचांची दुसरी, आणि दोन्ही चांदण्या एकमेकींवर ठेवून त्यांची पाचही टोके दोऱ्याने घट्ट आवळावीत. मग मधे जिथे हीर एकमेकांना ओलांडतात, त्या पाच जागी तीनचार बोटे लांबीच्या काड्या दोन्ही चांदण्यांच्या मधे आडव्या दाबून बसवाव्यात. लगेच सपाट चांदणी पोटाशी फुगते आणि दिव्याला आत जागा मिळते. दहा लांब काड्या, पाच आखूड काड्या आणि दोऱ्याचे एक रीळ, एवढाच सारा पसारा.

हीच युक्ती हजारो कोस दूर फिलिपाइन्समध्ये वापरतात. तिथल्या नाताळात घरोघरी लागणाऱ्या चांदणीच्या कंदिलाला पारोल म्हणतात. कंदिलाला असलेल्या स्पॅनिश शब्दावरून हे नाव आले. पारोलही मुळात बांबू आणि कागदाचा. पुढे त्याला एका शिंपल्याचे पातळ, अर्धपारदर्शक पापुद्रे लावू लागले. या जातीचा शिंपला गोव्याला अनोळखी नाही. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी असेच शिंपले चौकटींत बसवलेले दिसतात आणि त्यांतून दुपारचे कडक ऊन मवाळ होऊन खोलीत उतरते. समुद्राकाठच्या दोन दूरच्या प्रदेशांना हाती लागलेल्या शिंपल्यात उजेडाचा पडदा दिसला. अडगळीकडे पाहण्याची दृष्टी म्हणतात ती हीच.

कागद उजेड पसरवतो याचे कारण त्याच्या घडणीत आहे. कागद म्हणजे बारीक तंतूंचे जाळे, आणि तंतूंच्या मधे हवा. प्रकाशाचा किरण तंतूतून हवेत आणि हवेतून पुन्हा तंतूत शिरताना दर वेळी थोडा भरकटतो, आणि शेवटी चहूबाजूंनी बाहेर पडतो. म्हणून कागदाआडचा दिवा डोळ्यांना टोचत नाही. त्याच कागदाला तेलाचा हात फिरवला, तर हवेच्या जागा तेल घेते. तेल आणि तंतू यांत प्रकाशाच्या दृष्टीने फारसा फरक नसल्यामुळे किरणांचे भरकटणे कमी होते, आणि कागद अर्धपारदर्शक बनतो. भज्यांच्या पुडीवर पडलेल्या तेलकट डागातून पलीकडचा उजेड दिसतो, तो याच नियमाने. साधा तपकिरी कागदही गोडेतेलाचा बोळा फिरवून टिपकागदाने पुसला, तर सुरेख मधाळ रंगाचा कंदील देतो. पण तेल लावलेला कागद ज्योतीला शिवला तर भडकतो. त्याच्या वाट्याला विजेचाच दिवा यावा.

रंगाच्या निवडीतही थोडे शास्त्र आहे. रंगीत कागद प्रकाशाला रंग देत नाही. आपला रंग सोडून बाकीचा प्रकाश तो गिळून टाकतो. पिवळा कागद कमी गिळतो, म्हणून पिवळा कंदील सर्वांत उजळ दिसतो. गर्द लाल आणि गर्द निळा बराच उजेड खातात. त्यातही निळ्याची अडचण अशी, की पणतीच्या, मेणबत्तीच्या किंवा जुन्या तारेच्या दिव्याच्या उजेडात निळ्या रंगाचा अंशच फार थोडा असतो. जे मुळात नाही ते कागदातून बाहेर कसे पडणार? म्हणून अशा दिव्यांवर निळा कंदील मलूल दिसतो. आजच्या पांढऱ्या एलईडी दिव्यात निळा अंश भरपूर असतो, त्यामुळे तोच कागद तिथे खुलतो. कंदिलाचे मोठे पृष्ठभाग पिवळे किंवा पांढरे ठेवून गर्द रंग काठांना आणि झिरमिळ्यांना वापरावेत, हा जुन्या हातांचा अनुभव शास्त्रालाही मान्य आहे. झिरमिळ्या लग्नपत्रिकांच्या पातळ कागदांच्या किंवा साडीच्या काठांच्या कराव्यात. त्यांत जरीचा धागा असला तर वाऱ्याच्या झुळकीबरोबर तो चमकतो.

कागद चिकटवायला मैद्याची किंवा कणकेची खळ पुरे. ती शिजवताना गुठळी होऊ देऊ नये आणि थंड झाल्यावर पातळसर लावावी. जाड लावली तर कागद सुरकुततो. झुरळांनी ती खाऊ नये म्हणून पूर्वी खळीत चिमूटभर मोरचूद घालीत. मोरचूद विषारी आहे, त्यामुळे जिथे मुले कामाला बसणार तिथे तो टाळावा आणि खळ रोज ताजी करावी. आश्विन-कार्तिकात रात्री दव पडते आणि कधी परतीचा पाऊसही गाठतो. खळीचे सांधे दवाने सुटतात. म्हणून कंदील उघड्यावर न टांगता पागोळीच्या आत, छपराखाली टांगावा.

तिसरा वर्ग काचेचा. बाटली कापून तिचा कंदील करण्याच्या पुष्कळ युक्त्या सांगितल्या जातात. तेलात भिजवलेला दोरा गुंडाळून पेटवायचा आणि मग बाटली थंड पाण्यात बुडवायची, ही त्यांतली एक. ती घरी करू नये. काच कुठे तडकेल यावर कुणाचा ताबा नसतो आणि कापलेली कडा सुरीसारखी धारदार राहते. बाटली आहे तशीच ठेवूनही तिचा उत्तम उपयोग होतो. बारीक दिव्यांची माळ तिच्या तोंडातून आत सोडली तर काचेच्या वळणांवर प्रत्येक दिव्याची पाच-दहा प्रतिबिंबे उमटतात आणि वीस दिव्यांचे शंभर दिसू लागतात. लोणच्याची बरणी आतून मिठाच्या दाट पाण्याने माखून वाळवली, तर काचेवर मिठाचे स्फटिक धरतात आणि बरणी धुक्याने भरल्यासारखी दिसते. बरणीच्या तळाशी दोन बोटे वाळू घालून तीत मेणबत्ती रोवली, तर ती कलंडत नाही, आणि वाऱ्यालाही दाद देत नाही.

काचेत पाणी भरले की ती भिंगाचे काम करते. विजेचा दिवा येण्यापूर्वी युरोपातले चांभार आणि लेस विणणाऱ्या बायका रात्री पाण्याने भरलेला काचेचा गोळा मेणबत्तीपुढे ठेवीत. त्या गोळ्यामुळे एका मेणबत्तीचा उजेड नेमका हातातल्या टाक्यावर एकवटत असे. अंगणात हाच गोळा सरबताच्या बाटलीच्या रूपाने आणता येतो. हळद किंवा कुंकू कालवलेले पाणी गढूळ होते आणि उजेड अडवते. खाण्याच्या रंगाचा एक थेंब टाकलेले स्वच्छ पाणी घ्यावे. बाटल्यांची रांग ओट्याच्या कठड्यावर मांडून मागे दिवे ठेवले की पुढच्या फरशीवर रंगीत पट्टे पडतात. मात्र दिवस उजाडला की या बाटल्या सावलीत उचलून ठेवाव्यात. जे भिंग रात्री मेणबत्तीचा उजेड एकवटते, तेच दुपारी सूर्याचे किरणही एकवटते, आणि मग खाली वाळलेले गवत किंवा कापड असले तर ते पेट घेऊ शकते.

इथवर शोभेचे झाले. पण अंगणातला दिवा लहान मुलांच्या उंचीवर, वाऱ्यात आणि कागदाच्या संगतीत असतो, त्यामुळे एका चुकीची किंमत फार मोठी पडू शकते. कागद सुमारे २३० अंश सेल्सिअसच्या आसपास पेट घेतो आणि मेणबत्तीच्या ज्योतीचे तापमान १००० अंशांच्या पुढे असते. या दोन आकड्यांमध्ये कंदिलाची सारी काळजी सामावलेली आहे. ज्योत पत्र्यात, मातीत किंवा काचेत असावी. कागद, कापड, करवंटी, वेत आणि प्लॅस्टिक यांच्या आत नसावी. डब्याचे किंवा बरणीचे तोंड वर उघडे असावे, म्हणजे उष्णतेला वाट मिळते. ज्योतीचा डबा सुतळीने न टांगता तारेने टांगावा. वर मांडवाचे कापड किंवा माडाच्या झावळ्या असतील, तर खाली ज्योत ठेवूच नये. वाळूची एक बादली हाताशी असावी, आणि दिव्यांजवळ वावरणाऱ्यांचे कपडे सुती व अंगाबरोबरचे असावेत.

वीज आली की हा सारा धोका संपला, असे वाटते. तो फक्त दुसरीकडे जातो. विजेच्या सजावटीची सुरुवात १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये झाली. एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी त्या वर्षीच्या नाताळात आपल्या घरातल्या झाडावर ८० विजेचे दिवे लावले होते. तेव्हापासून माळा स्वस्त होत गेल्या, पण तारेच्या जुन्या दिव्याचा एक दोष कायम राहिला: घेतलेल्या विजेपैकी सुमारे नऊ दशांश तो उष्णतेत घालवतो. असा दिवा कागदाला टेकला तर कागद करपतो आणि पेटूही शकतो. एलईडी दिव्याने हे चित्र पालटले. पूर्वी ६० वॅटच्या दिव्याला जो उजेड मिळे, तो एलईडीला ८-९ वॅटमध्ये मिळतो, आणि सजावटीचे बारीक दिवे तर हाताला जेमतेम कोमट लागतात. या दिव्यांचा पांढरा प्रकाश शक्य झाला तो निळ्या एलईडीमुळे. आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना त्या शोधाबद्दल २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. कागदाच्या कंदिलाला इतका निर्धोक सोबती आजवर मिळाला नव्हता.

राहिला धक्क्याचा धोका. आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची असते. पत्र्याचा डबा वीजवाहक, त्यावर रात्रीचे दव, आणि आत घरी जोडलेली तार. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तर कंदिलाला लागलेला हात जिवावर बेतू शकतो. म्हणून घरी केलेल्या बाहेरच्या कंदिलात घरची वीज थेट कधीही आणू नये. तीन साध्या बॅटऱ्या म्हणजे साडेचार व्होल्ट एवढ्याने काम भागते. पांढऱ्या एलईडीला सुमारे तीन व्होल्ट लागतात. उरलेला दाब सोसण्यासाठी प्रत्येक दिव्याला ७५ ते १०० ओहमचा एक रोधक जोडावा, म्हणजे दिवा जळत नाही. हे जोडकाम शाळेतल्या मुलालाही जमते, आणि चुकले तर फार तर दिवा लागत नाही. तयार माळ घ्यायची झाल्यास बॅटरीवर किंवा पाच व्होल्टच्या जोडणीवर चालणारी घ्यावी आणि जोडणी घराच्या आत, कोरड्या जागी ठेवावी.

कंदील तयार झाल्यावर ते लावायचे कुठे, हा शेवटचा आणि बहुतेकांनी दुर्लक्षिलेला प्रश्न उरतो. दिव्याखाली अंधार असतो हे पणतीपुरते अक्षरशः खरे आहे, कारण तिचे बूड स्वतःचीच सावली पाडते. टांगलेला कंदील तळाशी उघडा ठेवला तर ही सावली पडत नाही आणि खालचा पाट, रांगोळी, बसण्याची जागा उजळते. पायऱ्या, ओटा आणि वाटेचे वळण या ठिकाणी दिवे जमिनीलगत ठेवावेत, म्हणजे पाहुण्यांचे पाय अडखळत नाहीत. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर उघडा दिवा येऊ देऊ नये. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे दोन दिव्यांच्या मधे अंधार राहू द्यावा. सरसकट उजळलेल्या अंगणात एकही दिवा उठून दिसत नाही. कोजागरीला तर हे विशेष सांभाळावे. गच्चीवर आटीव दुधाचे पातेले ठेवून मंडळी चंद्रासाठीच जमलेली असतात. तिथे जिन्याशी दोन आणि कठड्याखाली चार डबे पुरेत, बाकीचे काम चंद्राकडे सोपवावे.

बाजारातला प्रत्येक कंदील टाकाऊ, असा याचा अर्थ नव्हे. मुंबईत माहीमची कंदील गल्ली प्रसिद्ध आहे. कामट्या आणि कागदाचे कंदील हाताने करणाऱ्या अशा कारागिरांची दिवाळी त्यांवरच साजरी होते, आणि घरी न जमणारा मोठा कंदील त्यांच्याकडून घेणे हेच उचित. अडचण आहे ती एका हंगामापुरत्या प्लॅस्टिकची आणि थर्माकोलची. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली प्लॅस्टिक व थर्माकोलच्या वस्तूंवर जी बंदी घातली, तीत सजावटीचा थर्माकोलही आला. कायदा वस्तू थांबवू शकतो. तिच्या जागी काय आणावे हे मात्र ज्या त्या घराने ठरवायचे असते. खिळ्याने नक्षी पाडलेला डबा दहा दिवाळ्या टिकतो आणि शेवटी भंगारात जाऊन पुन्हा पत्रा होतो. खराट्याच्या हिरांची चांदणी पुढच्या वर्षी नवा कागद लेऊन पुन्हा उभी राहते.

आणि यात आणखी एक लाभ आहे, जो कोणत्याही दुकानात मिळत नाही. घरचा कंदील एकट्याने होत नाही. आजीची खळ, वडिलांची हातोडी, मुलीची नक्षी आणि धाकट्याने धरलेले दोऱ्याचे टोक, असे चार हात त्याला लागतात. एरवी एकाच घरात वेगवेगळ्या खोल्यांत बसणारी माणसे दोन संध्याकाळी एका चटईवर येतात. मुलांच्या डोळ्यांदेखत पत्र्याचा डबा चांदण्यांचा होतो, आणि वस्तूकडे दोनदा पाहावे हा धडा त्यांना न शिकवता मिळतो.

आपल्या जुन्या बायकांनी हा धडा फार पूर्वी गिरवला होता. आषाढातल्या दिव्यांच्या अवसेला घरातले सगळे दिवे घासूनपुसून पाटावर मांडतात, त्यांची पूजा करतात आणि कणकेचे गोड दिवे उकडतात. ते दिवे तुपाच्या वातीने उजळतात, ओवाळून होतात आणि मग पानात वाढले जातात. उजेड देऊन झाल्यावर मागे कचरा म्हणून काहीही उरत नाही. अंगणातल्या सजावटीला याहून चांगला कित्ता सापडणे कठीण आहे.